तापल्यावर बंद पडणारी गाडी

अहो, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. आपल्या अमोलच्या लग्नातला फोटो कुणीतरी काढून दिला. फेट्यामुळे तुमचं अर्धं कपाळ झाकलंय आणि तुम्ही पंचायत समितीला उभे राहिल्यासारखे दिसता. खाली लिहिलंय, 'मनमिळाऊ, सर्वांचे लाडके'. मनमिळाऊ! पाण्याची जळालेली मोटार घेऊन शेतकरी दुकानाच्या पायरीवर आला की 'व्होल्टेज नसताना चालू कावून केली बे?' म्हणून त्याला आधी झापणारा माणूस मनमिळाऊ. मी तिथून जाताना मान खाली घालते. वर बघितलं की हसू येतं, हसता हसता रडू येतं, आणि भर चौकात दोन्ही बरं दिसत नाही.

तुम्ही गेल्याला अजून महिना झाला नाही. दुकानाला कुलूप आहे. रिवायंडिंगला आलेल्या मोटारी लोक आपापल्या ओळखून घेऊन गेले. राहिली ती तुमची गाडी. ती अंगणात पत्र्याखाली उभी आहे. तिच्यावरून घरात जे काही झालं ते तुम्हाला सांगायला बसले आहे. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला त्यातलं काही कळणार नाही.

त्या सकाळी तुम्ही तांब्याची तार आणायला अंबाजोगाईला निघालात. रस्त्यात छातीत कळ आली. गाडी रस्त्याकडेला लिंबाखाली सापडली, एका पिकअपवाल्याने तुम्हाला दवाखान्यात पोचवलं, आणि मी घाटनांदूरहून तिथे जाईपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बब्रुवानने ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी ओढून आणली. भेटायला येणारा जो तो एकच सांगायचा. बिचारे दवाखान्यात निघाले होते, ऐन वेळी गाडी बंद पडली.

अमोल पुण्याहून आला तो हे ऐकतच आला. सगळे विधी त्याने केले. मग एका सकाळी पत्र्याखाली जाऊन त्याने गाडीच्या दाराला लाथ मारली. "या डबड्यानं बाबांना मारलं, आई. चालू राहिली असती तर बाबा वाचले असते. मी भंगारवाल्याला फोन केलाय." मी त्याला रागावले नाही. माझ्या पोटातही तेच होतं. आयुष्यभर उपकेंद्रात नर्स म्हणून काम केलं मी. छातीत कळ आल्यावर वेळ वाया जाणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण मला ते नक्की कळायला हवं होतं. लोकांच्या तोंडून नको होतं. खरंच गाडी बंद पडली म्हणून तुम्ही गेलात का? हे न कळता मी ती भंगारात घातली असती, तर उरलेलं आयुष्य रोज तेच ते विचारत बसले असते. मी अमोलला म्हटलं, "त्या माणसाला थांबव. आधी मला गाडी बघू दे."

"तू काय बघणार?" तो म्हणाला. खरंच विचारत होता हो, टोमणा नव्हता. त्याला आपले रविवार माहीतच नाहीत. तो शिकायला गेला आणि त्यानंतरच ही गाडी आजारी पडायला लागली.

सकाळी थंड असताना कशी शहाण्यासारखी चालू व्हायची! अंगणातून निघेपर्यंत तक्रार नाही. एकदा तापली आणि कुठे थांबावं लागलं, रेल्वेच्या फाटकापाशी किंवा बाजारात, की इंजिन थरथरायला लागायचं. आरसा हलायचा, माझ्या मांडीवरची पिशवी हलायची, आणि एक उचकी देऊन सगळं गप्प. मागचे हॉर्न मारायचे. तुम्ही काचेतून हात काढून त्यांना थांबवायचात, जणू फाटक तुमच्याच मालकीचं. पुढे पुढे तुम्ही एक युक्ती शोधलीत. थांबलं की पाय रेसवरून काढायचाच नाही, थोडा दाबून ठेवायचा. रेस होती तोवर गाडी जिवंत राहायची.

आणि दर रविवारी तिची तपासणी. तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घालून आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर, पाय रेसवर. गाडी चालवायला तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत, मी मागे लागले तरी नाही. पण तिचा आवाज ऐकायला शिकवलंत. तुम्ही एका प्लगची वायर काढायचात आणि ओरडायचात, "आता?" मी ऐकून सांगायचे, "पडली!" म्हणजे इंजिनाचा आवाज खाली पडला, तो प्लग काम करत होता. वायर परत लावून दुसरी. "आता?" "पडली!" ज्याची वायर काढूनही आवाजात फरक पडणार नाही, तो प्लग बिघडलेला. एखादा माणूस रजेवर गेला आणि हापिसात कुणाला कळलंसुद्धा नाही, तर तो आधीही काम करत नव्हता, असं तुम्ही म्हणायचात. वर आमच्या मोठ्या साहेबांचं नाव घेऊन डोळा मारायचात.

पण चारी वेळा मी 'पडली'च म्हणायचे. चारी सारखेच पडायचे. तरी तुम्ही प्लग काढून घासायचात, पॉइंट पॉलिश पेपरने साफ करायचात, कॉइल बदलून बघायचात. मोटारी बांधणारा माणूस तुम्ही, तुम्हाला जगात सगळीकडे करंटच दिसायचा. मला ताप आला तरी तुम्ही म्हणायचात, अर्थिंग गेलंय.

मी म्हणायचे, "अहो, चारी घरं सारखी आजारी आहेत. आळीत घरोघरी जुलाब लागले तर मी घरोघरी गोळ्या वाटून थांबत नाही, आधी विहीर बघते. हिची विहीर बघा. हवा कुठून आत जातेय ते बघा."

"ही गाडी हाय, तुझं उपकेंद्र न्हाई."

"धाप लागल्यासारखी करते ती. मला कळतं."

"तुला लई कळतं. धर रेस."

असं ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. ब्रेकही अलीकडे जड लागायचा. तुम्ही म्हणायचात वय झालं. मी विचारायचे, तिचं का तुमचं? त्या शेवटच्या आठवड्यात मी फारच मागे लागले तेव्हा हात पुसत म्हणालात, "रविवारी तुझी हवा बघू, बस?" तो रविवार आला तेव्हा अंगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि माणसं बसायला आली होती.

अमोल पुण्याला परत गेला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मी पत्र्याखाली गेले. बब्रुवानने ट्रॅक्टरची बॅटरी लावून दिली. "काकू, तुमी कशाला तरास घेता," असं त्याने म्हणून बघितलं, मग माझं तोंड बघून निघून गेला. सीटवर तुमचा वास होता. वार्निशचा, बिडीचा आणि त्या स्वस्त खोबरेल तेलाचा. मी तशीच थोडा वेळ बसून राहिले. मग चावी फिरवली.

पहिल्या फटक्यात चालू झाली. किती सुंदर चालत होती! मनात म्हटलं, बघ, लोक काहीही बोलतात. मग काटा वर चढत गेला, गाडी तापली, आरसा हलायला लागला. मी मुद्दाम रेस दिली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसती बसले. ती थरथरली, उचकी दिली आणि बंद पडली.

तेव्हा मला जे झालं ते तुम्हाला दवाखान्यात पाहतानाही झालं नव्हतं. तिथे नर्स होते ना मी, सगळं संपलेलं असूनही नाडी बघत होते, कागद बघत होते. इथे पत्र्याखाली कुणी नव्हतं. मी तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले. अमोलचं खरं होतं.

पण मग राग आला. बंद पडलीस ना, मग का पडतेस ते तरी सांग. इतक्या रविवारांचं भांडण मी असंच सोडणार नव्हते. ती पुन्हा चालू केली. रेसवर ठेवायला माणूस नव्हतं, म्हणून दुकानातलं मोटारीचं एक लोखंडी झाकण आणून पॅडलला टेकवून दिलं. जुन्या धडप्याच्या पट्ट्या फाडल्या, पाण्यात भिजवल्या आणि बॉनेटमध्ये गेले. तापातल्या लेकराच्या कपाळावर घड्या ठेवतात तशी एकेका जोडावर ओली पट्टी दाबून बघत गेले. जिथून हवा आत जात असेल तिथे पाण्याने वाट बुजली की इंजिन सावरणार, एवढं मला कळत होतं. एक जोड झाला, दुसरा झाला. काही फरक नाही. मग ब्रेककडे जाणाऱ्या काळ्या नळीच्या तोंडावर पट्टी गुंडाळली आणि थरथर थांबली. पट्टी काढली की थरथर. लावली की शांत. मी तिथेच ओरडले, "हवाच आहे!" पत्र्यावर एक कावळा बसला होता तो उडाला.

गाडी थंड झाल्यावर नळी काढली. हातात घेतली आणि ओळखली. रबराची नव्हतीच ती. ठिबकची होती. शेतात कापसाला पाणी द्यायला अंथरतात ती काळी नळी. इंजिनात सगळंच काळं, त्यात ती इतकी वर्षं लपून बसली होती. थंड असताना तोंड घट्ट बसायचं, तापलं की प्लास्टिक मऊ पडायचं, तोंड लांबट व्हायचं, आणि फटीतून हवा आत.

आणि ती कुठे लावली होती तेही आठवलं. आपण कपिलधारला निघालो होतो, वाटेत जुनी नळी फाटली. तुम्ही शेजारच्या रानात गेलात, कुणाला तरी हाक मारलीत आणि ठिबकचा तुकडा कापून घेऊन आलात. केवढे खुशीत होतात! "जुगाड हाय, उद्या बदलू," म्हणालात. पुढे धबधब्याखाली माझं लुगडं भिजलं म्हणून मी कुरकुरत होते आणि तुम्ही दगडावर बसून बिडी ओढत हसत होतात. तो आपला चांगला दिवस होता. नळी तशीच राहिली. आपल्याकडे जे उद्या बदलायचं असतं ते असंच राहतं.

पण तो तुकडा हातात धरून मला चांगलं काही आठवेना. मनात एकच येत राहिलं, तुमच्याच हाताने लावलेल्या या नळीने तुम्हाला रस्त्यात अडकवलं. अमोलला काय सांगणार होते मी? बाबांना गाडीने मारलं नाही, बाबांच्या जुगाडाने मारलं? मी नळी फडताळात ठेवून दिली. जेवण जाईना. भंगारवाल्याला बोलावून घे असं अमोलला सांगायला दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

मग तो पिकअपवाला आला. सलीम नाव त्याचं, अंबाजोगाईचा, पपई-टरबूज घेऊन गावोगाव फिरतो. तुमचा चष्मा त्याच्या गाडीत राहिला होता, तो द्यायला आला होता. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला, आत यायला लाजत होता. मी बसवलं, पाणी दिलं. आणि जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते विचारून टाकलं. "सलीम, गाडी किती वेळ बंद पडून होती रे?"

"बंद?" तो म्हणाला. "गाडी कुठं बंद होती, मावशी? चालू होती की."

मला वाटलं त्याला नीट आठवत नाहीये.

"न्हाई न्हाई, मला पक्कं म्हाईत हाय. काका मागं रेलून बसले होते, घामानं वले झाले होते, पर पाय रेसवर. इंजन चालू. मी काकांना उचलून माज्या गाडीत घेतलं आन् मग येऊन चावी मीच फिरवली. म्हणलं पेट्रोल कशाला जाळावं. माजी चूक झाली का मावशी?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "तुझी काही चूक नाही." एवढं बोलून मी आत गेले आणि पदर तोंडात धरून उभी राहिले. गाडी बंद पडली नव्हती. सलीमने बंद केली, मग लोकांनी ती बंद पाहिली, आणि गावाने बाकीचं रचलं. छातीत इतकी कळ असताना तुम्ही पाय रेसवर दाबून धरला होता. तिला मरू दिलं नाहीत.

संध्याकाळी अमोलला फोन केला. सगळं सांगितलं, ठिबकच्या नळीसकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे गाडीमुळे नाही?"

"गाडीमुळे नाही."

"मग कशामुळे, आई?"

"हृदयामुळे. जसं डॉक्टरांनी लिहिलंय तसंच." तो रडायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला हो तो. राग धरायला गाडी होती तोवर त्याला रडायची गरज पडली नव्हती. भंगारवाल्याला त्याने नको म्हणून सांगितलं. मी मोंढ्याजवळच्या दुकानातून रबराची नळी आणून बसवली. आता तापली तरी आरसा हलत नाही. भांडण मी जिंकले, आणि चिडवायला तुम्ही नाही. तुमचं तोंड तेव्हा कसं झालं असतं ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र अमोलला सांगितली नाही, आणि सांगणारही नाही. सलीम निघताना चपला घालता घालता बोलला ती.

तो तुमच्या मागेच होता त्या सकाळी. दोघांची तोंडं अंबाजोगाईकडे. मधेच तुमची गाडी हळू झाली, रस्त्यावर वेडीवाकडी झाली आणि वळली. घाटनांदूरकडे. सलीम पुढे निघून गेला, पण त्याने आरशात तुम्हाला लिंबाखाली थांबताना पाहिलं म्हणून तो मागे आला. "मी म्हणलं काका, दवाखाना तर फुडं हाय. तुमी उलटं कावून चालले? तर म्हणले, घरी चाललो. आमच्या नर्सबाईला दाखवतो आधी."

म्हणजे लोक म्हणत होते तसे तुम्ही दवाखान्यात निघालाच नव्हतात. मशिनं होती तिथे, डॉक्टर होते. माझ्याकडे काय होतं? एक रक्तदाबाचं यंत्र आणि जिभेखाली ठेवायची गोळी. लोकांना मी आयुष्यभर सांगत आले, छातीत कळ आली तर घरी बसू नका, माझ्याकडे येऊ नका, आधी मोठा दवाखाना गाठा. तुमच्यासमोर सांगितलं असेल शंभरदा. तुम्ही ऐकत होतात की नाही? आता मी तुमच्यावर चिडते, मग वाटतं, इतक्या दुखण्यात हा माणूस गाडी वळवून माझ्याकडे निघाला, आणि चिडता येत नाही. आला असतात तर मी हात धरून नाडी बघितली असती, गोळी दिली असती, ओरडून बब्रुवानला बोलावलं असतं आणि त्याच पावली तुम्हाला परत तिकडेच नेलं असतं. सगळा रस्ता तुमच्या छातीवर हात ठेवून बसले असते. वाचला असतात की नाही, देव जाणे. पण परक्या पिकअपमध्ये टरबुजांशेजारी गेला नसतात.

रस्ता फार उरला नव्हता. थोडी कळ सोसायची होती. मी घरीच होते हो.